रॉकेलचा केक

चिमीचे बाबा सिनेमाच्या सेटवर सामान मांडायचे. खाऊवर रॉकेल शिंपडणं हेही त्यांचंच काम, नाहीतर युनिटमधले खादाड शॉटआधीच ताव मारायचे. एकदा वाढदिवसाच्या प्रसंगाला मुलं कमी पडली, म्हणून आठ वर्षांची चिमीच पाहुणी झाली. दिग्दर्शकाला स्फुरलं, “हिरो हिलाच केक भरवेल. पोरी, हसत खायचा हं.” केकवर रॉकेल आहे, हे दिग्दर्शकाशिवाय सगळ्यांना ठाऊक. सगळे दिव्यांकडे बघू लागले. चिमीने बाबांकडे पाहिलं. बाबा बोलले असते तर शूटिंग थांबलं असतं, उद्यापासून त्यांचं कामही. तिची रिबीन सरळ करत ते पुटपुटले, “गिळू नकोस, गालात धर.” ती हसली. “वा, किती नैसर्गिक! आणखी एक टेक.” असे सात झाले. आज साठीची चिमी नातवंडांनी भरवलेला केक गालात धरून हसते. सगळे म्हणतात, आजी किती गोड हसते.