शोभेचा कॉम्प्युटर

"फार तर शोभेला ठेवा," जुन्या सामानाचा दुकानदार म्हणाला. "त्याला वायरसुद्धा नाही."

तरी मी त्या पिवळट पडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिलो. असल्याच एकावर मी टायपिंग शिकलो होतो.

"घरात पाय ठेवायला जागा नाही," बायको दुकानाच्या दारातूनच म्हणाली. "हा डबा काय माझ्या डोक्यावर ठेवणार आहेस?"

मी हसून बंद स्क्रीनकडे पाहिलं. काचेत मी नव्हतो. बायको होती, पण म्हातारी झालेली. केस पांढरेशुभ्र, आणि एका बोटाने सावकाश टाइप करत होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर चौकड्यांचा शर्ट टाकलेला होता. आत्ता माझ्या अंगात होता, तोच.

टाइप करून ती थांबायची, काहीतरी वाचायची आणि तोंडावर हात ठेवून हसायची. माझ्या फालतू विनोदांना ती अशीच हसते. दुसऱ्या कुणाच्या नाही.

"चल, ऊठ आता," म्हणत बायको जवळ आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली.

बराच वेळ ती काचेकडे बघत राहिली. मग तिने हळूच माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"घेऊन टाक," ती म्हणाली. "मला लागेल."