अवसेचा ताईत

पोस्टकार्ड तिसऱ्यांदा वाचून झालं तरी त्यातली तारीख काही बदलेना. उकंडरावांनी पंचांग पुन्हा उघडलं. गुरुवार, आणि अवस. शेगावच्या स्टेशनात नोकरीला असलेले रंगराव, म्हणजे मुलाचे मामा, नेमके गुरुवारी दुपारच्या मोटारीने घर पाहायला येत होते. रेल्वेच्या सुटीला कुठली आली तिथी! मुलाकडच्यांना उकंडरावांची लेक कोकिळा पसंत होती. शेवटचा शब्द मामांचा होता, आणि मामांना म्हणे घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात तेवढंच बघायचं होतं. उलट टपाली कळवावं, तर पत्र पोचेपर्यंत मामाच दारात.

दुसरा कुठलाही दिवस उकंडरावांना चालला असता. कारण अवसेला त्यांची बायको गोजरबाई, गोजरबाई राहत नसे.

पुनवेला तीच बाई कशी सायीसारखी. उकंडराव दिवसभर औत हाकून घरी यावेत, तर भाकर गरम आणि बोलणं नरम. अवस उजाडली की मात्र सकाळपासून भांड्यांची आदळआपट सुरू. वीस वर्षं हेच चाललं होतं. मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं, पण घरातली अवस काही पालटली नाही. आणि उकंडराव काय कमी सोसत होते? अवसेला बैल जुंपायचे नाहीत ही गावाची रीतच. त्यामुळे त्या दिवशी ते घरीच असत, पण घरी आहेत म्हणून लोळत पडत नसत. बायकोला हातभार लावत. चुलीतलं लाकूड दुसऱ्या बाजूने सारून देत. रांजणाला ऊन लागतं म्हणून तो सरकवत, मग वाटेत येतो म्हणून पुन्हा जागेवर नेत. वरणावरचं झाकण उचलून मीठ टाकलं का ते विचारत. एवढं करूनही बाईचं डोकं तापायचं ते तापायचंच. आभाळात चंद्र नसला की माणसाचं रक्त उसळतं, असं त्यांनी पारावर कितीदा तरी समजावून सांगितलं होतं.

मागच्या चैत्रात असंच एक स्थळ अवसेला आलं होतं. पाहुण्यांना बैठकीत बसवून उकंडराव दोनदा आत गेले, ते बिचारे पिठलं किती घट्ट असावं एवढंच सांगायला. तिसऱ्यांदा गेले, तर गोजरबाईने हातातली पळी अशी भिरकावली की ती थेट बैठकीत जाऊन पडली. पाहुणे चहा न घेताच उठले. आई अशी तर लेक कशी असेल, असं बोलत बोलत गेले. कोकिळा दोन दिवस धड जेवली नाही. लेकीचा तो उतरलेला चेहरा उकंडरावांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

हे स्थळ काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. रोहिणखेडचे पुंजाजी अवस सोसत नाही अशा माणसासाठी ताईत देतात, आणि तोही अवसेलाच देतात, असं त्यांच्या कानावर होतं. गुरुवारी तांबडं फुटायच्या आत ते कुणाला काही न सांगता निघाले. तीन कोस जायचं, तीन कोस यायचं, मोटार यायच्या आधी ताईत गोजरबाईच्या गळ्यात.

पुंजाजींच्या ओसरीवर पोचतात तर काय, त्यांच्या आधी अठरा माणसं बसलेली. सगळे शेतकरी, सगळे नवरे, आणि सगळ्यांची तक्रार एकच. उकंडरावांना तेवढंच बरं वाटलं. म्हणजे आपलं म्हणणं खरं होतं, चंद्र काही एकट्या गोजरबाईवर उठलेला नव्हता. पण पुंजाजी एकेका ताईताला घटकाभर लावत होते. ऊन डोक्यावर आलं. मोटार आता फाट्यावर आली असेल, आता मामा पायऱ्या चढले असतील, आता पळी उडाली असेल. ताईत हातात पडताच उकंडराव जे सुटले ते वाटेत पाणी प्यायलाही थांबले नाहीत.

घराच्या वळणावर मात्र त्यांचे पाय अडले. त्यांनी कान दिला. भांड्यांचा आवाज नव्हता. कुणीतरी हसत होतं. गोजरबाई हसत होती, आणि तीही अवसेला!

आत रंगराव मामा तृप्त होऊन सुपारी कातरत बसले होते. दाराआड कोकिळा उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. मामांनी उठून उकंडरावांचा हात धरला.

"सोयरे, आता बोलणी कराले शेगावले या. एवढं शांत घर म्या कुठं पाह्यलं नाही."

उकंडरावांचे डोळे भरून आले. पाहुण्यांना मोटारीत बसवून ते परतले, तेव्हा गोजरबाईने पाट मांडून ठेवला होता. भाकर गरम होती. पिठलं जसं घट्ट हवं तसंच झालं होतं. उकंडरावांनी मूठ उघडून ताईत दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. चंद्राचं, रक्ताचं, ओसरीवरच्या अठरा नवऱ्यांचं.

"पाह्य, अजून बांधलाबी नाही, अन् तीन कोसावरून गुण आला," ते म्हणाले.

गोजरबाईने ताईत पाहिला. मग नवऱ्याचे धुळीने माखलेले पाय पाहिले. तिला हसू आवरेना. तिने ताटात आणखी एक भाकर वाढली.

"बांधा नाही तं नका बांधू," ती म्हणाली, "पण दर अवसेले तो आणाले जात जा. असेच, पहाटे पहाटे."