पाहणी

तीन दिवस राबून वाल्बुर्गानं घर लख्ख केलं होतं. म्युनिकचा म्हातारा आलोइस बॉक्सर कुत्र्याचं पिल्लू असंच कुणाच्या हाती देत नसे. आधी घर बघायचा, मगच हो की नाही ते सांगायचा. आज तो आला, तो पिल्लाच्या आईला, सेंटाला, सोबत घेऊनच!

दार उघडताच सेंटा आत उधळली. गुळगुळीत फरशीवरून घसरत टेबलावर धाडकन आदळली. आलुबुखाराचा केक आणि वाल्बुर्गाच्या आईच्या वेळची चिनी मातीची किटली खाली पडली, किटलीचे तुकडे तुकडे झाले. पांढऱ्या गालिच्यावर कॉफीचं तळं झालं.

"अगं बाई, हलू नकोस!" वाल्बुर्गा ओरडली, आणि गुडघे टेकून सेंटाचा एकेक पंजा उचलून बघू लागली. सेंटानं तिचं तोंड लाळेनं माखून टाकलं. वाल्बुर्गाला हसू आवरेना.

आलोइसनं टोपी डोक्यावर चढवली. "चला, झालं बघून."

वाल्बुर्गाचं हसू मावळलं. "असं काय करता काका? स्वयंपाकघर, अंगण, काहीच बघितलं नाहीत! ही एवढी दांडगाई करेल हे मला काय ठाऊक?"

"करणारच! सकाळपासून हिला मुद्दामच फिरवली नाहीये." आलोइस मिश्कील हसला. "याआधी पाच घरी नेली. सगळे आधी गालिच्याकडे धावले. बरं, पिल्लाचं नाव काय ठेवताय?"