गिरधरचा घोटा

भिकुबाईच्या अंगात कणकण असायची, म्हणून दोघं नवराबायको मिशनच्या दवाखान्यात आले होते. गिरधर ओट्यावर बसला. ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं औषधाची बाटली घेऊन बाहेर आली.

"डॉक्टर तुमना पाय दखाडा म्हनस."

"मन्हा पाय? अकरा वरीस व्हयनात त्याले."

अकरा वर्षांपूर्वी बैलगाडी उलटली तेव्हा घोटा मोडला होता. गावातल्या एकानं ओढून बांधला, पण हाड वाकडंच जुळलं. तेव्हापासून गिरधर पावलाच्या कडेवर चालायचा, एक हात बायकोच्या खांद्यावर टाकून. पोरबाळ नव्हतं.

डॉक्टरांनी घोटा चाचपला. हाड कापून पाऊल सरळ होईल म्हणाले, सांधा मात्र कायमचा आखडेल. तीन महिने प्लास्टर. गिरधर नको म्हणणार होता. जुनं दुखणं, त्याचं आता काय व्हायचं? पण भिकुबाईनं त्याच्याआधीच होकार दिला.

प्लास्टर निघालं आणि ती बदलली. त्यानं हात टाकला की खांदा काढून घ्यायची.

"आते तुमनं तुम्ही चाला."

"इतला दिन भार नै वाटना तुले?"

"आते वाटस."

रोज थोडं लांब चालायला लावायची. आधी निंबापर्यंत, मग विहिरीपर्यंत. तो पडला तरी हात द्यायची नाही, नुसती उभी राहून बघायची. धानोऱ्याहून तिचा भाऊ दोधू सारखा यायचा. बहीणभाऊ ओसरीत हळू बोलायचे आणि गिरधर आला की गप्प व्हायचे.

"दाजी, आते तं घोडाच व्हयनात तुम्ही," दोधू म्हणायचा. हसायचा मात्र नाही.

"माहेर जाशी का?" गिरधरनं एकदा बायकोला विचारलं.

"पैले शेतना बांध गाठा."

काठीशिवाय तो बांधापर्यंत जाऊन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोधूच्या गाडीत बसली. गिरधरनं थांब म्हटलं नाही. लंगड्याचं अकरा वर्षं केलं तिनं, आणखी किती करणार?

महिन्यानं तो एकटाच दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्याला ओट्यावर चालवून पाहिलं. पाऊल सपाट पडत होतं.

"बाई नाही आली?"

"माहेरी गेली. परत यायची नाही ती. असं माहीत असतं तर पाय वाकडाच ठेवला असता, साहेब."



"मी कुणाला सांगू नये असं तिनं बजावलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तिच्या छातीतली गाठ काखेत उतरली होती. मी म्हटलं, बाई, आता कापून उपयोग नाही. तर म्हणाली, बाहेर माझा मालक बसलाय, त्याचा पाय तरी कापून सरळ होईल का बघा."