साहेब आत आले की

साहेब सर्व्हर रूममध्ये आले, की हातातली फायबर केबल अर्धवट सोडून आम्ही ताठ उभं राहायचं, हा त्यांचाच दंडक. मग खर्च वाचवायला त्यांनी केबल जोडणारा रोबोट आणला आणि माझ्या सगळ्या जोडीदारांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

मला तेवढं ठेवलं, रोबोटला शिकवायला. "बाई, तुम्ही जे जे करता ते सगळं त्याला आलं पाहिजे. काही गाळलंत तर याद राखा!"

मी तीळभरही गाळलं नाही.

आज मालक बघायला आले. साहेब ऐटीत आत शिरले आणि रोबोट केबल सोडून ताठ उभा राहिला. साहेब बाहेर गेले, तो कामाला लागला. परत आत आले, परत ताठ!

मालक साहेबांना म्हणाले, "काम तुमच्यामुळेच थांबतंय. उद्यापासून येऊ नका."