एकोणसत्तर

"अकराने भाग जातो," आर्या म्हणाली आणि कृष्णरावांचा कप बशीवर आदळला.

आठ वर्षे ते ही एकशेतीस आकडी संख्या उराशी बाळगून होते. निवृत्तीच्या वर्षी नववीच्या पासष्ट मुलांचे गणिताचे गुण त्यांनी हजेरीच्या क्रमाने एका ओळीत लिहून काढले, दोन-दोन आकडे, मध्ये जागा न सोडता. तेव्हापासून रोज सकाळी तिला हाताने भागून बघायचे. पंचवीस हजारांपर्यंत कशानेही भाग गेला नाही. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच मुलांना शिकवले होते. तरी ही मूळ संख्याच आहे, हिला कशानेच भाग जायचा नाही, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसले होते. रविवारी निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत ते तसे जाहीर करणार होते. बैठक भरवणाऱ्या रामभाऊंनी पत्रिकाही वाटून टाकल्या होत्या. म्हणून तर शेजारच्या राऊच्या नातीला, कॉलेजात शिकणाऱ्या आर्याला, लॅपटॉप घेऊन बोलावले होते, नुसती खात्री करायला.

आणि म्हणे अकरा. अकराची कसोटी म्हणजे पोरखेळ. दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांची बेरीज करायची, म्हणजे सगळ्या वर्गाच्या गुणांची. तीन हजार आठशे पंच्याण्णव. अकराने भागले की बाकी एक. त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉप ओढून घेतला आणि वहीशी एकेक जोडी ताडून बघू लागले. एकेचाळिसाव्या जोडीवर बोट थांबले.

"इथे मी काय सांगितलं होतं?"

"एकोणसत्तर. सेवन्टी नाइन ना?"

कृष्णरावांनी कपाळावर हात मारला. "अगं, एकोण म्हणजे एक कमी. सत्तरला एक कमी, सिक्स्टी नाइन. पलकला दहा मार्क फुकट वाटलेस तू."

ज्यांना सत्तर, त्यांना दहावीत पहिली तुकडी, असा शाळेचा नियम होता. निकालानंतर ही पलक दोन दिवस स्टाफरूमच्या दाराशी उभी होती. कृष्णरावांनी तीस वर्षांत कुणाचा अर्धा मार्क वाढवला नव्हता, तिचाही वाढवला नाही.

आर्याने आकडा सुधारला. कृष्णराव श्वास रोखून बसले, पण तेवढाही वेळ लागला नाही.

"कम्पोजिटच आहे, आजोबा. प्राइम नाही."

"कशाने भाग जातो?"

"ते नाही सांगत हा प्रोग्राम. जातो, इतकं पक्कं."

कृष्णराव भडकले. आठ वर्षे, बावीस वह्या, आणि हे यंत्र साधे कारण द्यायला तयार नाही. मुलाला नापास करायचे आणि पेपर दाखवायचा नाही, त्यातलाच प्रकार. ते यंत्रावर चिडले, आर्यावर चिडले, रामभाऊंना कुणी सांगितले होते पत्रिका वाटायला म्हणून त्यांच्यावरही चिडले. मग रविवारी काय तोंड दाखवायचे, एवढेच पुटपुटले.

आर्याला ते बघवेना. तिने लॅपटॉप परत आपल्याकडे घेतला आणि बराच वेळ खटपट करत बसली. एकेका मुलाचा एकेक मार्क वाढवून बघतेय, म्हणाली. कृष्णरावांनी लक्ष दिले नाही. थंड झालेला चहा ते तसाच पीत होते.

"आजोबा, एक झाला." तिने वही त्यांच्यापुढे सरकवली, पेन्सिलही ठेवली. "पलकला सत्तर करा, की नंबर प्राइम. एकच मार्क तर वाढवायचाय. इतक्या वर्षांनी कोण बघतंय?"

कृष्णरावांनी पेन्सिल उचलली. एकेचाळिसाव्या जोडीवर टोक टेकवून ते तसेच बसून राहिले.

"तिनेही एकच मागितला होता," ते म्हणाले.