गुरुवारपर्यंत

मोतद्दाराने घोडी पायऱ्यांपाशी आणून उभी केली आणि ऑब्री लगबगीने आडवा आला. घोडी काळी, तरणीताठी. एका जागी तिचा पाय ठरत नव्हता. ऐंशी पार केलेले लॉर्ड थॉर्नबी, म्हणजे ऑब्रीचे वडील, शिकारीचा लाल कोट चढवून पायऱ्या उतरत होते.

"बाबा, आज धुकं आहे. कोल्हे काय पळून जाणार आहेत?"

"कोल्ह्यांचं कामच ते," म्हातारा म्हणाला.

आयुष्यात कधी केली नव्हती एवढी चौकशी ऑब्रीने या आठवड्यात केली होती. खोकला, गुडघे, सूपातलं मीठसुद्धा. कारण साधं होतं. गुरुवारी पक्ष नवा पंतप्रधान निवडणार होता आणि ऑब्रीचं नाव सगळ्यांत पुढे होतं. पण पंतप्रधान हवा खालच्या सभागृहातला. आणि उमराव बापाने डोळे मिटले की थोरला मुलगा त्याच क्षणी उमराव. त्याची रवानगी थेट वरच्या सभागृहात, त्याची इच्छा असो वा नसो. तिथे माणसं आदराने डुलक्या घेतात.

"ही घोडी आली कुठून?"

"तुझ्या त्या मॉर्टलेकने भेट पाठवली." मॉर्टलेक म्हणजे गुरुवारचा दुसरा उमेदवार. "भला माणूस हो. वर निरोप दिलाय, कुंपण जितकं उंच तितका हिला हुरूप येतो."

ऑब्रीचा चेहरा धुक्याच्या रंगाचा झाला.

"तुम्ही हिच्यावर बसायचं नाही, बाबा."

"मग कोण बसणार? शिकार आपल्या दारातून निघते, पुढे थॉर्नबीच असतो. गावाला काय सांगू, घरात माणूस उरला नाही म्हणून?"

फाटकापाशी शिकारी कुत्री भुंकत होती. गाव, म्हणजे ऑब्रीचे मतदार, वाट पाहत उभं होतं.

लहानपणी तट्टावरून पडल्यापासून ऑब्री घोड्यांच्या वाटेला गेला नव्हता. त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा घोडीकडे.

"मी बसतो," तो म्हणाला.

मोतद्दाराने त्याला खालून रेटून वर चढवलं. घोडीने कान मागे टाकले.

लॉर्ड थॉर्नबींनी खुर्ची मागवली, गरम ब्रँडी मागवली आणि पायरीवर ऐसपैस बसले.

"घाबरू नकोस रे!" ते ओरडले. "काही झालंच, तर तुझा धाकटा भाऊ आहे. त्याला उमराव व्हायला आवडेल."